जाफ्रलो यांचा अभ्यास आणि समाजवाद्यांचे उत्तरदायित्व

(वसई येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आर्य समाजाची स्थापना १८७५ मध्ये मुंबईत झाली. सावरकरांचा ‘हिंदुत्व’ हा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात संघाचा जन्म झाला. हिंदू पुनरुज्जीवनवादाचा इतिहास असा महाराष्ट्राशी जखडलेला असताना त्याच्या संघटनेचा आणि डावपेचांचा तीन दशकांहून अधिक काळ सलग अभ्यास पॅरिसमधील एका संशोधकाने करावा, ही गोष्ट येथील समाजवाद्यांना थोडी ओशाळवाणी वाटावयास हवी.

ख्रिस्तोफ जाफ्रलो यांचा जन्म १९६४ चा. पॅरिसमधील राज्यशास्त्राच्या विख्यात संस्थेत आणि पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. हिंदू राष्ट्रवादाच्या चळवळीवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९९३ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १९९६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. बाबरी मशीद पडून वर्षही झाले नव्हते, तोच मूळ ग्रंथ बाजारात आला. पण तो घाईने लिहिलेला नव्हता. त्यामागे मध्य प्रदेशातील क्षेत्रकार्य होते, स्वयंसेवकांच्या आणि जनसंघीयांच्या मुलाखती होत्या, संघपरिवाराच्या नियतकालिकांचे जुने अंक होते. ‘परक्याला आमचे काय कळणार’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, त्यांची सामग्री बव्हंशी संघवाल्यांनी स्वतःच पुरविलेली आहे.

त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा एका विरोधाभासात आहे. ज्याला शत्रू मानावयाचे, त्याला आधी कलंकित करावयाचे आणि मग त्याचेच सामर्थ्य उचलावयाचे, हा पुनरुज्जीवनवादाचा स्थायीभाव आहे, असे ते दाखवून देतात. हिंदू परंपरेत धर्मांतराचा विधी नव्हता. आर्य समाजाने मिशनऱ्यांना तोंड देण्यासाठी शुद्धीच्या रूपाने तो निर्माण केला. रमाकांत देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रम काढला, तो मिशनच्या कामाला शह म्हणून. पण साधने तीच : शाळा, वसतिगृह, दवाखाना. परंपरेच्या रक्षणाची ग्वाही देत देत परंपरेची पुनर्रचना परक्याच्या नमुन्यावर होत जाते.

वसईच्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. मिशनची शाळा म्हणजे काय, हे या तालुक्यातील ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. आणि तलासरीचे वनवासी कल्याण केंद्र येथून काही तासांच्या अंतरावर आहे. आदिवासी मुलाला वसतिगृहात जागा मिळते तेव्हा त्याचे आईबाप संचालकांचे तत्त्वज्ञान विचारत नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ज्यांनी आयुष्यभर मराठीतच लिहिले, बायबल सुबोध मराठीत आणले, त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून विरोध झालाच. उस्मानाबादचे संमेलन पार पडले हे खरे. परंतु भाषेने एक असलेल्या माणसाला परका ठरविता येते, हेही त्या निमित्ताने दिसून आले.

आता समाजवाद्यांच्या दृष्टीने अवघड भागाकडे वळले पाहिजे. गांधीहत्येनंतर संघ राजकारणात जवळजवळ बहिष्कृत होता. तो बहिष्कार कोणी उठविला? जाफ्रलो यांच्या मांडणीतून निघणारे उत्तर समाजवाद्यांना सुखावणारे नाही. १९६७ ची संयुक्त विधायक दलाची सरकारे, १९७४ चे बिहार आंदोलन, मार्च १९७५ मध्ये जनसंघाच्या अधिवेशनात जाऊन ‘जनसंघ फॅसिस्ट असेल तर आपणही फॅसिस्ट’ अशा आशयाचे उद्गार काढणारे जयप्रकाश आणि १९७७ चे जनता सरकार, अशा पायऱ्यांनी ही प्रतिष्ठा परत मिळाली. आणीबाणीवरील २०२० च्या ग्रंथात (सहलेखक प्रतिनव अनिल) ते येरवड्याच्या तुरुंगातून बाळासाहेब देवरसांनी इंदिरा गांधींना लिहिलेल्या पत्रांचीही दखल घेतात. लोकशाहीसाठी तुरुंगात गेलेल्यांच्या यादीत सर्वांची नावे एकाच शाईने लिहिली गेली, ती शाई किती पक्की होती हे पाहण्याची तसदी त्या वेळी फार थोड्यांनी घेतली.

मधु लिमये यांनी ती घेतली. दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न त्यांनी धसास लावला, जुलै १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार कोसळले आणि फुटीचे खापर लिमयांच्या माथी मारण्यात आले. त्यांचे निदान चुकीचे होते असे आज कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. मात्र ते निदान विलीनीकरणानंतर झाले, त्यापूर्वी नव्हे, हा आक्षेप उरतोच. जॉर्ज फर्नांडिस १९९८ मध्ये वाजपेयींच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले, तेव्हा तो आक्षेप नव्याने उभा राहिला. उलट बाजूनेही न्याय केला पाहिजे. १९७५ च्या जूनमध्ये पर्याय फारसे नव्हते आणि एकाधिकारशाहीशी झुंजणाऱ्याला बाजूचा सोबती निवडता येत नाही. जाफ्रलो हे नाकारीत नाहीत. पण किमतीचा आकडा मांडल्याशिवाय ते पुढे जात नाहीत.

त्यांचे दुसरे मोठे काम समाजवाद्यांना बळ देणारे आहे. उत्तर भारतातील मागास जातींच्या उदयावरील त्यांच्या २००३ च्या ग्रंथात हिंदीभाषी प्रांतांतील खासदारांची जातवार कोष्टके आहेत. १९८४ मध्ये मागास जातींचे खासदार सुमारे ११ टक्के होते, १९८९ मध्ये ते २१ टक्क्यांच्या आसपास गेले. लोहियांनी मागासांसाठी साठ टक्क्यांची मागणी केली तिची थट्टा झाली होती. ही कोष्टके त्या थट्टेला उत्तर आहेत. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल अहवालाची घोषणा झाली आणि सप्टेंबरमध्ये सोमनाथहून रथ निघाला. खालच्या जातींच्या उठावाला धर्माच्या नावाने दिलेले उत्तर म्हणून या दोन घटना एकत्र वाचाव्या लागतात.

मात्र अर्थशास्त्राच्या बाजूने या अभ्यासात एक उणीव जाणवते. जात, संघटना आणि निवडणूक यांचे तपशील जितके भरगच्च आहेत, तितके मजुरी, घर आणि रोजगार यांचे नाहीत. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागमधून उठलेली कुटुंबे नालासोपारा-विरारच्या चाळींत आली. युनियनचे कार्यालय मागे राहिले. नव्या वस्तीत त्या तरुणांची नावे प्रथम कोणी विचारली? गणेशोत्सव मंडळाने, शाखेने, दहीहंडीच्या पथकाने. डॅनिश अभ्यासक थॉमस ब्लोम हॅन्सन यांनी मुंबई-ठाण्यातील शिवसेनेचा अभ्यास करून २००१ मध्ये जो ग्रंथ लिहिला, तो या प्रश्नाच्या अधिक जवळ जातो. वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता.

राष्ट्र सेवा दलाची शाखा १९४१ मध्ये उभी राहिली ती संघाकडे ओढल्या जाणाऱ्या मुलांसाठीच. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे साधन उचलण्याची कला समाजवाद्यांनाही अवगत होती, आणि साने गुरुजींच्या प्रेरणेने त्यांनी ते साधन समतेच्या कामी लावले होते. विरार पूर्वेच्या चाळींत आज संध्याकाळी सहा वाजता मैदानावर कोण मुले जमवितो, याची नोंद पक्षाच्या कोणत्याही वहीत नाही.