मावशी, जरा बाजूला होता का?

हेडफोन लावलेत? मग आज आधी माझीच एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मी कास पठारावर गेले होते. सगळीकडे फुलंच फुलं. मी रील काढत होते आणि जवळच्या गावातल्या एक मावशी नेमक्या मध्ये आल्या. मी म्हटलं, "मावशी, जरा बाजूला होता का?" त्या हसून बाजूला झाल्या. रील मस्त चालली. मग एकाने विचारलं, "त्या जांभळ्या फुलाचं नाव काय?" आणि माझी बोलती बंद! ज्यांना विचारता आलं असतं, त्यांनाच मी बाजूला केलं होतं ना.

ही रुखरुख होतीच, तेवढ्यात मला संघम रेडिओबद्दल कळलं. सोलापूरहून हैदराबादला जाताना तेलंगणात जहीराबाद लागतं. त्याच्याजवळच माचनूर गाव आहे. तिथून ऑक्टोबर २००८ पासून हा कम्युनिटी रेडिओ चालतो, ९०.४ एफएमवर. चालवतात कोण? डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांमधल्या दलित शेतकरी बायका. रेडिओ सांभाळणाऱ्या दोघींचं नावही एकच, नरसम्मा!

या रेडिओवर पेरणी-कापणीची गाणी लागतात. बियाणं कसं जपायचं, राळ्याचं काय काय रांधायचं, कुठला पाला कशावर चालतो, हे सगळं तिथल्याच बोलीत, तिथल्याच आवाजात. संक्रांतीपासून या भागात जुन्या वाणांची जत्रा निघते. सजवलेल्या बैलगाड्यांतून बियाणं गावोगाव फिरतं, वाजतगाजत. आपण देवाची पालखी काढतो ना, तसा तिथे बियाण्याला मान!

पण हे सहज मिळालं नाही हं. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच सांगितलं होतं. तरी सामाजिक संस्थांना रेडिओ चालवायची मुभा मिळायला २००६ उजाडलं. तोवर या बायका काय करत होत्या? रेकॉर्डिंग! प्रक्षेपण करता येत नव्हतं, म्हणून टेप संघाच्या बैठकीत लावायच्या आणि सगळ्यांनी मिळून ऐकायच्या.

आणि आपण? रेकॉर्डर खिशात घेऊन फिरतो आणि त्यात सूर्यास्त भरतो. सूर्यास्त काढा की, कोण नको म्हणतंय! पण त्या मातीत राबणाऱ्या माणसाचा आवाजही घ्या. कुठलं गवत गुरं खात नाहीत, पाऊस येणार हे कशावरून कळतं, हे फोटोत दिसत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणारी माणसं थकत चालली आहेत.

म्हणून या आठवड्यात एक करा. आजी, शेजारचे काका, भाजीवाल्या मावशी, कुणीही चालेल. आधी परवानगी घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वारा असेल तर माइकला आडोसा करा. एकच विचारा: "हे काय आहे, आणि तुम्ही कसं ओळखता?" मग गप्प बसा. मध्ये बोलू नका, मागे म्युझिक लावू नका. आणि रेकॉर्डिंग पहिल्यांदा त्यांनाच ऐकवा, मग त्यांच्या गावाच्या ग्रुपवर टाका. इन्स्टा नंतर.

मी येत्या सप्टेंबरात पुन्हा कासला जाणार आहे. मावशी भेटल्या तर या वेळी बाजूला मी होईन.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!