घरातला खेळ किती दिवस पुरतो?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी संमेलनात, केनवड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेली दोन-चार वाक्ये लिहिताना घातली आहेत.)



मला विषय दिला होता ‘सोसायटीची पंचवीस वर्षे’. पण तो सगळा अहवालात आलाच आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या धामधुमीत आपण प्लॉट घेतले, बोअरला पाणी लागेपर्यंत तीन खड्डे कोरडे गेले, नालीसाठी किती अर्ज केले, हे सचिवांनी तारखांसकट लिहिलं आहे. तेच परत सांगून तुमच्या जेवणाला उशीर करत नाही. मी एका कॅरम बोर्डाबद्दल आणि एका अमेरिकेतल्या मशीनबद्दल बोलणार आहे. दोन्हींचा आपल्या सोसायटीशी संबंध आहे. तो शेवटी येईल, धीर धरा.

२०२३ साली आम्ही दोघं सहा महिने मुलाकडे शिकागोजवळ राहून आलो. त्याच्या घराला तळघर आहे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “बाबा, खाली चला, तुम्हाला माझं खूळ दाखवतो.” खाली एका कोपऱ्यात चार उंच पायांवर उभी, काचेनं झाकलेली, मागे रंगीत फळा असलेली एक मशीन होती. वरून धुतलेल्या कपड्यांची टोपली काढली आणि बटण दाबलं तर काय लखलखाट! सौ. म्हणाल्या, “बाप्पा, हे तर मंडपातल्या डेकोरेशनवानी दिसते.”

त्या खेळाला पिनबॉल म्हणतात. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांनी त्याचा गरीब भाऊ पाहिलेला आहे. लाकडी पाटी, तिच्यावर अर्धगोल ठोकलेले खिळे, उजव्या बाजूला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की गोळी वर जाते आणि खिळ्यांना आपटत खाली येते, ज्या खणात पडेल तेवढे गुण. माझ्या लहानपणी रिसोडच्या बाजारातून वडिलांनी मला तशी एक पाटी आणली होती. आठ दिवस मी तिला घेऊन झोपलो. नवव्या दिवशी ती धान्याच्या कोठीवर गेली ती गेलीच. दांडा किती ओढला की गोळी शंभराच्या खणात जाते, हे मला कळलं होतं. मग त्यात राहिलं काय?

तर मुलाची मशीन त्या पाटीचीच वंशज. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात बगाटेल नावाचा खेळ होता, त्यात काठीनं गोळी ढकलायची. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसानं काठीऐवजी स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट घेतलं. १९३१ मध्ये, तिकडे मंदी असताना, शिकागोच्या गॉटलीबनं ‘बॅफल बॉल’ नावाची नाणं टाकून खेळायची पेटी काढली आणि ती दुकानादुकानांत पोचली. पण त्यातही गोळी सोडल्यावर माणसानं फक्त बघायचं. कौशल्य नाही, नशीब आहे, म्हणजे जुगारच, असं म्हणून न्यूयॉर्कच्या महापौरांनी १९४२ साली बंदी घातली आणि पोलिसांनी हातोड्यानं मशिनी फोडल्या. १९४७ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनला बाजूच्या बटणांनी हलणारे फटकारे बसवले, त्यांना फ्लिपर म्हणतात. आता खाली येणारी गोळी परत वर मारता येऊ लागली. तरी बंदी उठायला १९७६ उजाडलं. तेव्हा रॉजर शार्प नावाच्या तरुणानं नगरपालिकेच्या लोकांसमोर मशीन लावून, गोळी कुठून जाणार हे आधी सांगून तिथूनच घालून दाखवली. चौतीस वर्षांची बंदी! आपला नालीचा अर्ज त्या मानानं लवकर मंजूर झाला म्हणायचा.

मुलाची मशीन ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ नावाची, १९९२ ची. वीस हजारांवर विकल्या गेल्या. खेळणाऱ्याची पाटी साडेसहा अंश तिरकी, गोळी पोलादाची, सुमारे ऐंशी ग्रॅमची. एका डबीतून एक हात बाहेर येतो आणि लोहचुंबकानं गोळी उचलून नेतो. पाटीच्या खालीही लोहचुंबक आहेत, ते सुरू झाले की चांगली सरळ चाललेली गोळी वेड्यासारखी भिरभिरते. गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, पण तिच्या वाटेचा हिशोब मला सहा महिन्यांत लागला नाही.

मुलाला मी विचारलं, “एवढं आवडतं, तर तिच्यावर कपडे काहून ठेवता?” तो ओशाळला. म्हणाला, शिकत असताना विद्यापीठाजवळच्या पिझ्झाच्या दुकानात हीच मशीन होती. आठवड्याचे कपडे धुऊन पंचवीस सेंटची दोन-तीन नाणी उरायची. एक डाव म्हणजे तीन गोळ्या. नाणी संपली की पायी घरी. तेव्हा ठरवलं होतं, नोकरी लागली की ही घरी आणायची. लॉकडाऊननंतर जुनी एक मिळाली, चार जणांनी मिळून तळघरात उतरवली. पहिले दोन महिने रोज रात्री, शनिवारी मित्र. मग फक्त शनिवार. मग टोपली. “नाणं टाकावं लागत नाही ना बाबा. गोळी गेली तर गेली, परत बटण दाबायचं.” शिवाय घरची मशीन म्हणजे जनावर बांधल्यासारखं आहे. रबरी कडी वाळतात, दिवे जातात, फ्लिपर मंदावतात, काच काढून पाटी पुसून मेण लावावं लागतं. दुकानात हे सगळं दुसरं कोणी करत असतं. तिकडे त्याच्या ओळखीचे काही लोक एक मशीन विकतात, दुसरी घेतात, वर्षभरानं तीही विकतात. “मीही विकू का?” असं त्यानं मला विचारलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला आपल्या हॉलचा कॅरम आठवत होता.

जुन्या सभासदांना माहीत आहे, सोसायटीच्या दुसऱ्या वर्षी वर्गणी काढून आपण तो घेतला. खेळायचा भाग नियमाप्रमाणे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर, चांगला जाड प्लाय. हॉलला तेव्हा दारं नव्हती, पावसाळ्यात बोर्ड ताडपत्रीत गुंडाळून ठेवायचो. वीज गेली की कंदील. रात्री जेवणं झाली की आठ-दहा जण हजर. चार खेळणार, बाकीचे चुका काढणार. तलाठ्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे, आणि बोरिक पावडर संपली की ज्याची सोंगटी अडली असेल त्यानं दुसऱ्या दिवशी आणायची. तेरा-चौदा वर्षं हे चाललं. तो बोर्ड काही फार सरळ नव्हता. पण तो कोणा एकाचा नव्हता, त्यामुळे त्याचं वाकडेपण सगळ्यांना सारखंच लागायचं.

२०१३ च्या दिवाळीत माझं आणि समोरच्या ओळीतल्या भाऊंचं भांडण झालं. कारण सांगतो, नवीन पोरांना हसू येईल. आमचे दोघांचे एकवीस-एकवीस गुण. राणी त्यांनी आधीच घेतलेली. मी स्ट्रायकर लावून सोंगटी घातली. भाऊ म्हणाले, “गुरुजी, स्ट्रायकर मागच्या रेघेले टेकला नव्हता. फाउल आहे.” नियम असा आहे की स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलेला पाहिजे. मी म्हणालो, टेकला होता. ते म्हणाले नव्हता. मी आवाज चढवला, पोरांसमोर मला खोटं ठरवता काय, वगैरे. सोंगट्या हातानं विस्कटून मी घरी आलो. दुसऱ्या आठवड्यात अकोल्याला जाऊन स्वतःचा कॅरम घेऊन आलो. हॉलच्यापेक्षा भारी, पॉलिश असं की तोंड दिसावं. म्हटलं, आता कोणाच्या तोंडाला लागायची गरज नाही.

माझ्या बाजूनं दोन शेजारी येऊ लागले. महिनाभर मजा आली. मी रोज दुपारी एकटाच सराव करायचो. डाव्या कोपऱ्याकडे बोर्ड केसभर उतरता आहे, हे मला लवकरच कळलं. स्पिरिट लेव्हल लावून पाहिलं, खरंच होता. स्टँडखाली पुठ्ठा घालून तो नीट करता आला असता. मी केला नाही. हळू सोडलेली सोंगटी त्या खिशात आपोआप जायची आणि ते फक्त मला माहीत होतं. मी जिंकत गेलो. शेजाऱ्यांना एकदा शेतीची कामं निघाली, एकदा पाहुणे आले, मग तेही बंद झाले. सौ. एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “आपल्याच वावरात आपणच शर्यत लावता अन आपणच पयले येता.” दुसऱ्या पावसाळ्यात प्लायला फुगारा आला. बोर्ड कपाटामागे गेला. हॉलमध्येही मी नाही म्हणून काही जण येईनात, भाऊही कमी आले, आणि मग मोबाइल आला. हॉलचा कॅरम बंद पडण्याचा दोष सगळे मोबाइलला देतात. आधीची दोन वर्षं माझ्या खात्यावर लिहा.

तर शिकागोत सकाळी उठून मी मुलाला म्हटलं, विकण्याआधी दोन गोष्टी कर. एक, नाणं टाकल्याशिवाय मशीन चालू नये असं कर. तो हसला, पण तशी सोय आत असतेच. दुकानासाठी बनलेली मशीन, फुकट खेळ हीच तिची वेगळी सेटिंग. दुसरं मी सुचवलं ते माझ्या पापातून आलं होतं. म्हटलं, तुला तिची सवय झाली आहे, ती सवय मोड. त्यानं मागच्या पायांचे बोल्ट फिरवून उतार थोडा वाढवला. गोळी पूर्वीपेक्षा जोरात खाली येऊ लागली आणि त्याचे पाठ झालेले सगळे फटके चुकले. त्या रात्री तो दोन तास खाली होता. शिव्या ऐकू येत होत्या, मराठीतल्या. बरं वाटलं.

नाण्यांसाठी एक डबा ठेवला. नातू सात वर्षांचा. त्याला मराठी समजतं, बोलतो कमी. माझ्याशी तर तोवर ‘हाय आजोबा’पलीकडे गेला नव्हता. त्याची-माझी रोज तीन-तीन गोळ्यांची शर्यत सुरू झाली. हरणाऱ्यानं दुसऱ्या दिवशीचं नाणं घालायचं. रविवारी डबा उपडा करून तो मोजायचा: पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर. पंच्याहत्तरला पहिल्यांदा अडायचा. निघायच्या आदल्या दिवशी अठरा डॉलर आणि पंचवीस सेंट निघाले, त्यातली बहुतेक नाणी माझी.

मुलानं मशीन अजून विकलेली नाही. पुढे विकेलही. शेवटी एक मशीन म्हणजे एकच पाटी, कितीही लोहचुंबक लावा. परवा फोनवर म्हणाला, आता महिन्यातून एकदा सात-आठ जण जमतात, दर वेळी वेगळ्याच्या घरी. ज्याचं घर त्याला शेवटचा नंबर. हा नियम मला फार आवडला. घरमालकाला आपल्या मशीनची खोड माहीत असते, म्हणून तो मागे.

परत आल्यावर मी माझा कॅरम कपाटामागून काढला. फुगलेला भाग सुतारानं बदलून दिला, उतार काढला, मी समोर उभं राहून लेव्हल लावून घेतली. आज तो बाहेर हॉलमध्ये ठेवला आहे, तुम्ही येताना पाहिला असेल. तो सोसायटीच्या मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये नोंदवावा, असं पत्र मी सचिवांना दिलं आहे. जुना बोर्डही टाकू नका, त्याच्याशेजारी राहू द्या. पोरांनी त्यावर शिकावं. आपल्या बायकांनाही हॉलमध्ये वेळ ठरवून द्या. सौ. माझ्यापेक्षा चांगला कट मारतात, हे मला दहा वर्षांनी कळलं, कारण मी घरी कधी त्यांना बोर्डावर बसवलंच नाही.

आता शेवटचं. भाऊ दुसऱ्या रांगेत बसले आहेत. मधल्या काळात आम्ही एकमेकांच्या घरची लग्नं केली, मयतीला गेलो, पण त्या डावाबद्दल दोघंही बोललो नाही. आज तुमच्या सगळ्यांसमोर सांगतो. भाऊ, स्ट्रायकर मागच्या रेषेला टेकला नव्हता. मला तेव्हाच दिसलं होतं.

तो फाउल धरला तर माझी घातलेली सोंगटी बाहेर येते, वर दंडाची एक. गुण एकवीस-एकवीस, पुढची पाळी तुमची. जेवणं झाल्यावर मी हॉलमध्ये थांबतो. पावडर मी आणली आहे.