शिकारीचे दिवस : काही आठवणी व चार सूचना

(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संघाच्या चिटणीसांनी आम्हांस शिकारीच्या आठवणी सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. ज्या गोष्टीस आज कायद्याने बंदी आहे, तिचे गोडवे ह्या व्यासपीठावरून गावे हे आम्हांस प्रशस्त वाटेना. परंतु मागाहून असे मनात आले की, आपल्या ज्ञातीच्या पुष्कळ घरांतून जुनी बंदूक, ओटीवर टांगलेली शिंगे आणि आजोबांच्या शिकारीच्या कथा ह्या तीन गोष्टी अजून शिल्लक आहेत. कथा आवडीने सांगितल्या जातात. त्या कथांमागे जो नियम होता, तो मात्र कोणी सांगत नाही. आमच्या वयाची ऐंशी वर्षे उलटून गेली आहेत. आता सांगितले नाही तर पुढे सांगणारे कोणी उरणार नाही, म्हणून आज आपल्यापुढे उभे राहिलो आहोत.

आजच्या तरुणांस वसई-विरार म्हटले की रेल्वेची गर्दी आणि इमारतींच्या रांगा एवढेच दिसते. आमच्या लहानपणी रेल्वेच्या पश्चिमेस समुद्रापर्यंत केळीच्या, पानवेलीच्या व फुलांच्या वाड्या, आणि पूर्वेस भातशेती ओलांडली की तुंगारचा डोंगर, असा सरळ हिशेब होता. सुमारे दोन हजार फूट उंचीचा तो डोंगर, त्याच्या दक्षिणेचा कामणदुर्ग आणि पायथ्याची कामण, चिंचोटी, पेल्हार, पारोळ, भाताणे ही गावे म्हणजे आमची शिकारीची भूमी. पहाटे बैलगाडी जुंपावी, उजाडता उजाडता डोंगराखाली पोहोचावे आणि पाड्यावरच्या वारली व मल्हार कोळी मंडळींस बरोबर घेऊन रान हाकावे, असा प्रघात होता.

शिकारीचा हंगाम कसा ठरे, तेही ऐकण्यासारखे आहे. पावसाळाभर बंदूक तेल लावून खुंटीवर असे. रान दाट, वाटा निसरड्या आणि बारूद सर्द, ही कारणे होतीच. परंतु सांबराची मादी पाडस टाकते ती पावसाच्या तोंडाशी, हे जाणत्यांस ठाऊक होते. भातकापणी आटोपून शेतांत वाल पेरला गेला की भेकरे व चितळे रात्री शेतावर उतरू लागत. शिमग्याच्या सुमारास मोहाची फुले गळू लागली म्हणजे त्या झाडांखाली पहाटे खुरांचे ताजे ठसे हमखास सापडत. चैत्र-वैशाखात ओढे आटले की उरलेल्या पाणवठ्यांवर सारे रान येई. मुंबई सरकारच्या 1951 च्या कायद्याने शिकारीस परवाना व बंदीचा काळ लावून दिला होता. पण तो कायदा होण्यापूर्वीही जुन्या शिकाऱ्यांच्या घरी ऋतूचा हा नियम पाळला जात असे.

त्या रानात सांबर, चितळ, भेकर, चौशिंगा आणि सशाएवढी पिसोरी असे प्राणी होते. सांबर, चितळ व भेकर यांच्या नराची शिंगे गळून पडतात व पुन्हा नवी येतात; चौशिंग्याची जन्मभर टिकतात. सांबराची शिंगे उन्हाळ्याच्या आगेमागे गळतात, पावसाळ्यात नव्या शिंगांवर मखमलीसारखी कातडी असते, आणि दिवाळीनंतर ती पक्की झाली की नर माजावर येतो. ही माहिती आम्ही पुस्तकातून घेतलेली नाही. ती आम्हांस वारली वाटाड्यांनी दिली. हाक्यात काट्याकुट्यांतून धावणारे तेच आणि माग काढणारेही तेच. नाव मात्र ज्याच्या हाती बंदूक असे त्याचे होई. हे आज कबूल करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्या वडिलांस सारा गाव दादा म्हणे. त्यांनी बंदूक हाती देण्यापूर्वी आमच्याकडून चार नियम पाठ करून घेतले होते. आवाजावर किंवा हलणाऱ्या झुडपावर बार काढावयाचा नाही. जनावर पुरते दिसले, नर की मादी हे कळले आणि त्याच्या पलीकडे माणूस नाही अशी खात्री झाली, तरच बोट चापावर ठेवावयाचे. मादीवर व पाडसावर बार नाही. आणि चौथा नियम असा की, जखमी जनावर रानात टाकून घरी यावयाचे नाही.

1962 च्या शिमग्यानंतर आम्ही ह्यांपैकी तीन नियम एका क्षणात मोडले. हाका संपत आला होता, ऊन उतरले होते, आणि कारवीतून एक तांबूस आकृती सरकताना दिसली. इतरांस दोन बार मिळाले होते, आम्हांस एकही नाही. तो ताप डोक्यात होता. आम्ही बार काढला. भेकर उडी घेऊन ओढ्यात उतरले आणि दिसेनासे झाले. पानांवर रक्ताचे चार थेंब होते. दादांनी विचारले, "कोठे लागली?" आम्हांस सांगता येईना. "नर होता की मादी?" तेही सांगता येईना. अंधार पडला होता, मंडळी दमली होती. गाड्या घराकडे निघाल्या आणि आम्हीही त्यांत बसलो.

त्या रात्री दादा जेवावयास बसले नाहीत. रागावलेही नाहीत. पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी आम्हांस उठविले व म्हणाले, "आपण उडवलेल्या गोळीचा हिशेब आपणच द्यावयाचा. चला." पाड्यावरच्या एका वृद्ध वारली बाबांस बरोबर घेऊन आम्ही पुन्हा ओढ्यात उतरलो. बाबांनी ठसे पाहून सांगितले की, मागचा डावा पाय टेकत नाही. गवताच्या पात्यावरील रक्ताची उंची बोटाने दाखवून ते म्हणाले की, मांडी फुटली आहे. दुपारपर्यंत त्यांनी तो माग काढला. जेथे आम्हांस दगडावर काहीच दिसत नव्हते तेथेही ते थांबले नाहीत. अखेर एका घळीत ते भेकर सापडले. ते जिवंत होते. मादी होती. आम्ही जवळ गेलो तरी तिला उठता आले नाही. बाबांनीच कोयत्याने तिची सुटका केली, कारण आमचे हात चालेनात.

घरी आल्यावर दादांनी बंदूक आपल्या खोलीत नेऊन ठेवली आणि दोन हंगाम आम्हांस तिला हात लावू दिला नाही. त्या वृद्ध बाबांचा एक दिवसाचा रोजगार आमच्यापायी बुडाला होता. तो त्यांस पोहोचविण्यासाठी दादांनी आम्हांस एकट्याला पायी पाठविले. आमच्या शिकारीच्या आठवणी पुष्कळ आहेत, परंतु झोपेत आजही जी येते ती हीच.

पुढे काळ पालटला. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यात प्रथम काही प्राण्यांच्या शिकारीस परवान्याची वाट ठेवली होती. 1991 च्या दुरुस्तीने ती बंद झाली. 2003 मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य जाहीर झाले. सुमारे 85 चौरस किलोमीटरचे हे रान दक्षिणेचे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येचे तानसा अभयारण्य ह्यांना जोडणारा दुवा आहे. हा दुवा तुटला तर मुंबईच्या कुशीतले रान बेटासारखे एकटे पडेल. आमच्या पिढीने बंदुकीने जेवढे मारले, त्याहून अधिक नुकसान रान तुटल्याने, खाणींनी आणि रस्त्यांनी झाले असेल. परंतु म्हणून आमचा वाटा नाहीसा होत नाही. हरणे घटली की बिबट्याही भक्ष्यासाठी वस्तीच्या कुत्र्यांकडे वळतो, हे आता सर्वत्र दिसते. 2024 च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसू लागला आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ सारे गाव दारे लावून बसले, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. शेवटी वनखात्याने त्यास पिंजऱ्यात धरले.

आता ज्या चार सूचना करावयाच्या आहेत, त्या ह्या अनुभवाच्या आधारे करतो.

पहिली सूचना बंदुकीविषयी. वडिलांच्या नावाचा परवाना मुलास आपोआप मिळत नाही. परवानाधारक निवर्तल्यावर शस्त्र रीतसर जमा करून वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा लागतो. शिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने आपले नाव वन्यजीव अधिकाऱ्यांकडे नोंदवावे, असे 1972 च्या कायद्याचे कलम 34 सांगते; आणि आपली कितीतरी घरे ह्या दहा किलोमीटरांत येतात. पीकसंरक्षणासाठी मिळालेला परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र घेऊन पाऊल टाकणे हाच गुन्हा आहे, मग बार काढा वा न काढा.

दुसरी सूचना शिंगांविषयी. आमच्या ओटीवर दादांनी मारलेल्या सांबराची शिंगे आहेत. 2003 मध्ये सरकारने अशा वस्तू जाहीर करण्यास 180 दिवसांची मुदत दिली, तेव्हा आम्ही कागद केला. गतवर्षी एका स्नेह्याने नव्या बंगल्याच्या शोभेसाठी ती मागितली. आम्ही नाही म्हटले, कारण अशी वस्तू वारसाहक्काने घरात राहू शकते, परंतु ती विकता येत नाही व भेटही देता येत नाही. ज्यांच्याकडे मालकीचे प्रमाणपत्र आहे पण शिंगे नकोत, त्यांस ती वनखात्याच्या स्वाधीन करण्याची सोय 2022 च्या दुरुस्तीने झाली आहे. ज्यांच्याकडे कागदच नाही, त्यांनी माळ्यावर लपवून मुलांच्या गळ्यात हे लोढणे न बांधता जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची, आणि ती सांगताना कोणाचे मन दुखावले तर क्षमा असावी. आमच्या कानावर येते की, पूर्वेकडील फार्महाऊसवर मेजवान्या होतात आणि "भेकराचे मटण मिळेल का?" अशी विचारणा केली जाते. असे विचारणारे तरुण सुशिक्षित असतात. त्यांच्या हाती बंदूक नसते, म्हणून आपण शिकार केली असे त्यांस वाटत नाही. त्यांनी विचारल्यावर पाड्यावरचा कोणी गरीब मनुष्य चार पैशांसाठी फासा लावतो. पकडला जातो तो तोच. अभयारण्यातील शिकारीस किमान तीन वर्षांचा तुरुंगवास आहे आणि तो सात वर्षांपर्यंत जाऊ शकतो. असे मांस बाळगणाऱ्यास व विकत घेणाऱ्यासही कायदा सोडीत नाही. परंतु कायदा क्षणभर बाजूस ठेवा. पाठीमागे माणूस आहे की नाही हे न पाहता आम्ही बार काढला, त्याहून हे काय निराळे? फाशात अडकलेले जनावर रात्रभर तडफडते, आणि त्याचा माग काढून हिशेब देण्यास मेजवानीतील कोणीही पहाटे तीनला उठत नाही.

चौथी सूचना गृहिणींसाठी व मुलांसाठीही आहे. शेतावर किंवा वाडीत हरीण आले तर त्याच्या मागे धावू नये, कुत्री बांधून ठेवावी आणि त्यास परतीची वाट मोकळी ठेवावी. हरणाची जात इतकी भित्री की, पाठलागाच्या व पकडण्याच्या धसक्यानेच ते प्राण सोडते. गवतात एकटे निजलेले पाडस दिसले तर ते अनाथ समजून उचलू नये. आई त्यास मुद्दाम लपवून चरावयास गेलेली असते. महामार्गावर जनावर जखमी दिसल्यास, अथवा वाडीतील जनावर बाहेर पडत नसल्यास, वनखात्यास 1926 ह्या क्रमांकावर कळवावे. पिकाची नासाडी झाली तर वेळ न घालवता पंचनामा करून भरपाईचा अर्ज करावा. वाडीभोवती विजेची तार सोडण्याचा अविचार कोणीही करू नये. तिच्याने माणसेही मेली आहेत.

कोणी विचारील, मग रानाची ती ओढ, पहाटेची ती वाट, हे सर्व संपलेच काय? तसे मुळीच नाही. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी बालपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून ते ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासास आरंभ झाला. पाहण्याची हौस खरी असेल, तर तिला बंदुकीवाचून अडत नाही.

आपल्या राज्यातील रानांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून वन्यप्राण्यांची गणना केली जाते, आणि हौशी नागरिकांसही तीत भाग घेता येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या नातवाने आग्रह केला म्हणून आम्ही अशा एका मचाणावर रात्र काढली. तोच वैशाख, तसाच आटलेला ओढा, तसेच श्वास रोखून बसणे. मध्यरात्रीनंतर एक भेकर पाण्यावर आले. चांदणे चांगले होते. नातवाने हळूच विचारले, "आजोबा, नर की मादी?" आम्ही पुरते पाहून घेतले आणि सांगितले, "मादी." त्याने कागदावर तशी नोंद केली. ती पाणी पिऊन सावकाश निघून गेली.