शर्यतीच्या मोटारीचीं मागचीं चाकें

मोटार वळते ती पुढच्या चाकांनीं, असा सर्वसाधारण समज आहे. आणि सुकाणूचें चक्र हातांत धरून बसलेल्या माणसाला दुसरें कांहीं वाटण्याचें कारणहि नाहीं. परंतु गाडी वेगानें वळणांत शिरली म्हणजे ती वळणांत राहील कीं गिरकी घेऊन मार्गाबाहेर जाईल, याचा निवाडा बहुधा मागचीं दोन चाकें करतात. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी हट्टानें सरळ जाऊं पाहते. चालकाला तें हातांत जाणवतें, आणि वेग थोडा कमी केला कीं पकड परत येते. मागच्यांची सुटली तर गाडीचें शेपूटच पुढें येऊं लागतें, आणि सावरायला मिळणारा अवधि एका श्वासाहूनहि लहान असतो. तेव्हां वेगवान मोटार शर्यतीच्या मार्गावर नेण्यापूर्वीं तिचीं मागचीं चाकें कोणत्या कोनांत बसवावीं, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्यावर मोटारीची आणि प्रसंगीं माणसाचीहि सुरक्षितता अवलंबून असते.

यूरोपांतील मोठमोठ्या कारखान्यांनाहि हा धडा सहजासहजीं मिळाला नाहीं. १९३४ सालीं मर्सिडीज-बेंझनें 'डब्ल्यू २५' ही शर्यतीची गाडी मैदानांत आणली. तिचा मागचा आंस झुलता होता. म्हणजे आंसाचे दोन अर्ध, मध्यभागीं बिजागरीवर खालींवर होणारे. दार जसें बिजागरीभोंवतीं फिरतें तसें चाक या बिजागरीभोंवतीं फिरे, आणि त्यामुळें गाडीचें अंग उचललें गेलें कीं चाकाचा पाय आंत ओढला जाऊन टायर कडेवर उभा राही. फर्डिनंड पोर्श यांनीं आंखलेल्या ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरांच्या गाडींतहि मागें हीच व्यवस्था, आणि इंजिन तर चालकाच्या पाठीमागें. ती ताब्यांत ठेवणें हें बर्न्ड रोझेमायर यांच्यासारख्या विरळा चालकाचेंच काम होतें. पुढें मर्सिडीजचे अभियंते रुडॉल्फ उलेनहाऊट यांनीं स्वतः गाडी चालवून तिचे दोष हेरले, आणि १९३७ च्या 'डब्ल्यू १२५' या गाडींत द दिऑं पद्धतीचा आंस आला. त्यांत दोन्ही मागचीं चाकें एका ताठ नळीनें जोडलेलीं असल्यामुळें तीं एकमेकांशीं समांतर आणि जमिनीवर जवळजवळ उभीं राहत. पुढच्याच वर्षीं ऑटो युनियननेंहि तोच मार्ग धरला. गंमत अशी कीं, १९५४ सालीं वर उघडणाऱ्या दारांची जी '३०० एसएल' मर्सिडीजनें विकावयास काढली, तिच्यांत झुलता आंस परत आलाच. १९५७ च्या उघड्या नमुन्यांत त्याची बिजागरी खालीं आणून त्याचा उपद्रव कमी करण्यांत आला.

आजच्या गाडींत मागच्या चाकाचे दोन कोन कारागिराच्या हातीं असतात. पहिला कॅम्बर, म्हणजे समोरून पाहतां चाकाचा उभेपणापासूनचा कल. वळणांत गाडीचें अंग बाहेर झुकतें, तिच्याबरोबर बाहेरच्या चाकाचा माथाहि बाहेर जाऊं पाहतो, आणि भार नेमका त्याच चाकावर असतो. यासाठीं उभ्या गाडींतच चाकांचे माथे थोडे आंत कलवून ठेवतात, म्हणजे ऐन वळणांत टायर सपाट टेकतो. मार्गावर नेण्याच्या गाडीला मागें साधारणपणें दीड ते अडीच अंश कल देतात. हा कल फुकट मात्र मिळत नाहीं. सरळ रस्त्यावर ब्रेक लावतांना आणि वेग घेतांना टायरची आंतली कडच तेवढी राबते, ती तापते आणि लवकर झिजते. चाकें पायांत पाय अडकल्यासारखीं तिरकीं दिसलीं कीं गाडी शर्यतीची झाली, असें मानणारे हौशी लोक आहेत. त्यांच्या टायर विकणाऱ्याला त्याबद्दल तक्रार नसावी.

दुसरा कोन टो, आणि धोका खरा तो याच्यांत. वरून पाहतां चाकांचीं पुढचीं टोंकें एकमेकांकडे किंचित् वळलेलीं असलीं तर टो-इन, दूर गेलेलीं असलीं तर टो-आउट. हें माप अंशाच्या साठाव्या भागांत, म्हणजे कलांत मोजावें लागतें. अठरा इंची रिम घेतली तर तिचा व्यास ४५७ मिलिमीटर. दहा कला म्हणजे तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेंत अवघा १.३ मिलिमीटरांचा फरक. तरीहि तेवढ्या कोनानें सरळ रस्त्यावर दर किलोमीटरला टायर सुमारें तीन मीटर आडवा घासला जातो. मागच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागें प्रत्येक चाकाला पांच ते दहा कला टो-इन ठेवतात. वळणांत भार घेणारें बाहेरचें चाक त्यामुळें आंतल्या बाजूस रोख धरून राहतें आणि शेपटाला आवरतें. टो-आउट असला तर तेंच चाक शेपटाला बाहेर नेतें. पुढच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचे कांहीं कसलेले चालक, गाडी चटकन् वळावी म्हणून मागें जाणून बुजून थोडा टो-आउट ठेवतात. पण तो खेळ नवशिक्याचा नव्हे.

उभ्या गाडीचें माप बरोबर असलें तरी काम संपत नाहीं. चाक धरणारे दांडे रबरी बुशांत बसलेले असतात आणि रबर दबतें. १९६४ पासून विकल्या जाऊं लागलेल्या पोर्श ९११ चें इंजिन मागच्या आंसाच्याहि पाठीमागें. भर वळणांत घाबरून चालकानें पाय उचलला कीं भार पुढें जाई, इंजिनाच्या ओढीनें मागचें चाक मागें खेंचलें जाई, आणि दांड्याच्या तिरक्या बिजागरीमुळें त्याचा रोख बाहेर वळे. म्हणजे ज्या क्षणीं पकड कमी त्याच क्षणीं टो-आउट. १९६९ च्या नमुन्यापासून या गाडीच्या दोन आंसांमधील अंतर ५७ मिलिमीटरांनीं वाढवून थोडा उतारा पडला. खरा तोडगा निघाला तो १९७७ च्या पोर्श ९२८ मध्यें. वायसाख येथील संशोधन केंद्राचें नांव मिळालेल्या तिच्या आंसांत दांड्याचें पुढचें टोंक अशा रीतीनें टांगलें कीं, पाय उचलतांच चाक उलट आंत वळावें. रबराचा जो दोष तोच येथें रचनेनें गुण करून घेतला. १९९३ सालीं ९११ च्या नव्या नमुन्यालाहि याच विचारानें घडविलेली अनेक दांड्यांची रचना मागें मिळाली. पण जुन्या पद्धतीच्या गाडींत बूश झिजले असतील, तर आधीं ते बदलावे. तोंवर कितीहि काटेकोर माप घेतलें तरी तें उभ्या गाडीपुरतेंच खरें.

मापनाला महागडें यंत्रच पाहिजे असें नाहीं. सपाट जमीन, दोन ताणलेल्या दोऱ्या आणि पोलादी पट्टी एवढ्यावर काम भागतें. गाडींत चालकाच्या वजनाचा भार ठेवावा, टायरांतील हवा नेमकी करावी, आणि चाकांखालीं वंगण लावलेले दोन-दोन पत्रे ठेवावे, म्हणजे टायर न अडखळतां आपल्या जागीं बसतो. दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर बांधून, रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचें अंतर मोजावें. क्रम मात्र मोडूं नये: आधीं गाडीची उंची, मग कॅम्बर, शेवटीं टो, कारण उंची बदलली कीं दोन्ही कोन बदलतात, आणि कॅम्बर बदलला कीं टो हलतो. बोल्ट आवळल्यावर गाडी थोडी पुढेंमागें ढकलून पुन्हा मोजावें. आवळतांना माप सरकतें हा नेहमींचा अनुभव. डावें-उजवें सारखें नसेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, सुकाणू वांकडें धरावें लागतें, आणि डाव्या वळणांत एक स्वभाव तर उजव्यांत दुसरा दिसतो. पुढच्या चाकांना हात लावायचा तो मागचीं बसल्यावरच, कारण गाडीचा रोख मागचीं चाकें ठरवितात.

यापुढची परीक्षा मार्गावरच होते. दहा-पंधरा मिनिटें वेगानें चालवून गाडी थांबतांच सुईचा तापमापक टायरच्या रबरांत आंत, मध्यें आणि बाहेर टोंचून पाहतात. आंतली कड थोडी अधिक तापलेली असणें योग्यच, कारण सरळ रस्त्यावर तीच राबलेली असते. बाहेरची कड अधिक तापलेली दिसली तर कॅम्बर वाढवावा. आंतली फारच तापली तर कमी करावा. मधला भाग दोन्ही कडांहून गरम असेल तर दोष कोनाचा नसून जास्त हवेचा असतो. एका वेळीं एकच बदल करावा आणि तो वहींत टिपून ठेवावा. पाऊस पडला कीं वेग उतरतो, गाडी कमी झुकते, टायर तापत नाहींत. अशा दिवशीं पुष्कळ कारागीर कॅम्बर थोडा कमी करतात, आणि मागच्या टो-इनला हात लावीत नाहींत.