पंचाची दृष्टी



माध्यमिक शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांत यंदा मी प्रथमच पंच म्हणून उभा राहिलो. नियम मुखोद्गत होते. शिट्टी मात्र वेळेवर वाजेना. पहिल्याच सामन्यात चेंडू बास्केटकडे उडाला आणि माझी नजर त्याच्यामागे धावली. तेवढ्यात दुसरीकडे एक मुलगा धक्का लागून कोसळला. कोपर चोळीत त्याने विचारले, "सर, आपण पाहिले नाही?" मी निरुत्तर झालो. न पाहिलेला फाउल देता येत नाही. त्याचा संघ दोन गुणांनी हरला.

सामन्यानंतर ज्येष्ठ सहपंच म्हणाले, "चेंडू सारेच पाहतात, आपण माणसे पाहावीत." या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली केलेल्या १३ नियमांतही चेंडूचा निर्णय एका पंचाकडे, तर खेळाडूंच्या वर्तनाचा दुसऱ्याकडे सोपविला होता.

पुढील सामन्यात चेंडूचा मोह आवरला. धक्का दिसला, शिट्टी वाजली. दोषी मुलाने निमूटपणे हात वर केला.

आपल्या तरुणांनी खेळावेच, पण पंचाचे कामही शिकावे. त्या पहिल्या मुलाचे उत्तर मात्र मी अजून देणे लागतो.