सुरू होते आणि लगेच बंद पडते

चावी फिरवली, इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत गप्प झालं, तर उगाच बॅटरीला दोष देऊ नका. तिने आपलं काम केलंय. आधी डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतोय का, ते बघा. चावीतली चिप ओळखता आली नाही, तर काही गाड्यांत इमोबिलायझर इंजिन क्षणभर चालू देतो आणि बंद पाडतो. घरातली दुसरी चावी लावून बघा. एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

दिवा नसेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून स्टार्ट करा. पाय ठेवला की चालते, काढला की बंद? मग संशय थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर. पेट्रोल गाडीचं आयडलिंग साधारण 700 ते 900 आरपीएमवर, अगदी थोड्या हवेवर चालतं. त्या वाटेत काजळी साचली की इंजिन गुदमरतं. साफसफाईने बरेचदा भागतं.

पाय दाबूनही बंद पडत असेल, तर इंधनाकडे वळा. चावी ऑन केल्यावर बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालून पंपाची बारीक गुणगुण ऐकू येते. ती नसेल, तर पाइपातल्या उरल्यासुरल्या दाबावर इंजिन सुरू होतं, पण टिकत नाही. फ्यूज आणि रिले तपासा. मेकॅनिक थेट पंप बदलायला निघाला, तर आधी इंधनाचा दाब मोजून दाखवायला सांगा.