चिकोडीचे सात वेळचे खासदार

ज्यांचे बालपण निपाणीत गेले त्यांना तंबाखूचा खकाणा म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. वखारीवरून जाताना तो नाकातोंडात शिरे आणि शिंकांमागून शिंका येत. या गावाने आणि भोवतालच्या चिकोडी, रायबाग, अथणी या मुलखाने एकाच गृहस्थांना सात वेळा लोकसभेत धाडले. आणि तेच गृहस्थ दोनदा देशाचे आरोग्यमंत्री झाले. त्यांचे नाव बी. शंकरानंद.

त्यांचा जन्म १९२५ सालचा. चिकोडीच्या राखीव मतदारसंघातून काँग्रेसतर्फे ते १९६७ मध्ये निवडून आले. त्याच वर्षी महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचविले. ती गेली नाही, हे आपण जाणतोच. सीमेचा प्रश्न असा धुमसत असताना दिल्लीला मात्र १९९१ पर्यंत दर निवडणुकीत शंकरानंदच गेले. १९७७ साली उत्तरेत काँग्रेसची धूळधाण उडाली, तेव्हाही चिकोडी ढळली नाही.

१९८० मध्ये त्यांच्याकडे आरोग्यखाते आले. देशाचे पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण १९८३ चे, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीतले. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापण्याचा कायदा १९७५ मध्येच झाला होता आणि त्यात विडी नव्हती. विडीला कायद्याने गाठण्यास २००३ साल उजाडावे लागले. शंकरानंदांची आरोग्यखात्यातील दोन्ही वेळची वर्षे या दोन सालांच्या मधली. विडीला हात घालणे म्हणजे आपल्याच मतदारांच्या चुलीत पाणी ओतणे. ही अडचण मी समजू शकतो. तथापि विड्या वळणाऱ्या आयांची मुले ज्याने वर्गात शिकविली आहेत, त्याला त्या आयांचा खोकलाही ठाऊक असतो.

१९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. पोलीस राज्याचे आणि शंकरानंद केंद्रात; तेव्हा त्यांना थेट बोल लावता येणार नाही. पण १९८४ मध्ये आम्ही त्यांनाच पुन्हा निवडले. यात त्यांचे सामर्थ्य किती आणि आमची विस्मृती किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे बोफोर्सच्या संयुक्त संसदीय समितीचे ते अध्यक्ष झाले. विरोधकांनी त्या समितीवर बहिष्कार घातला होता. १९८८ च्या तिच्या अहवालाने फारसे कोणाचे समाधान झाले नाही. मग पेट्रोलियम खाते, पुन्हा आरोग्य, आणि रोखे घोटाळ्याच्या चौकशीनंतर डिसेंबर १९९४ मध्ये राजीनामा.

१९९६ मध्ये जनता दलाच्या रत्नमाला सवणूर यांनी त्यांचा पराभव केला. २००९ साली ते वारले. त्याच वर्षीच्या निवडणुकीपासून चिकोडी राखीव मतदारसंघ राहिलेला नाही.